पॅडल मारताना येणारा 'टक्' आवाज, आणि घरच्या घरी सायकल दुरुस्ती: किती करावी, कुठे थांबावं?

चढणवेडी
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, रोज २०-३० किलोमीटर सायकल चालवते. हवा भरणं, चेन पुसून तेल घालणं आणि पंक्चर काढणं एवढं आता घरी जमतं. बाकी कशासाठीही सायकल कारागिराकडे जाते आणि दोन-तीन दिवस तिकडेच राहते. ते दोन-तीन दिवस मला अजिबात चैन पडत नाही.

गेले दहा दिवस पॅडल मारताना 'टक्' असा आवाज येतोय. प्रत्येक फेऱ्याला एकदा, उजवा पाय खाली जाताना. चढावर जास्त. सायकल उलटी करून हाताने पॅडल फिरवलं तर आवाज गायब! चेन धुतली, तेल घातलं, क्रँकचे (पॅडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं त्याचे) बोल्ट आवळून पाहिले. फरक शून्य.

तर प्रश्न दोन. हा आवाज शोधायला सुरुवात कुठून करू? आणि तुम्ही मंडळी घरी काय काय करता, कुठलं काम हातात घेत नाही? माझ्याकडे ॲलन कीचा संच, एक पान्हा, पक्कड आणि टायर लिव्हर आहेत.

निवांत
चेन पडली तर चालतं हो, चैन पडत नाही हे वाईट. :) वाचतोय.

सातवागिअर
बीबी गेलाय, म्हणजे दोन्ही क्रँक ज्याच्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग. माझ्या सायकलचा अगदी असाच आवाज यायचा. बदलून टाका, विषय संपला.

तेलबुधले
सातवागिअर, असं एकदम नका हो सांगू. सुट्या भागांची निम्मी खरेदी अशा अंदाजांवरच होते.

चढणवेडी, आवाज खालून आल्यासारखा वाटतो म्हणून बिघाड खालीच असेल असं नाही. फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. सीटपाशी झालेला आवाज नळीतून उतरतो आणि कानाला पायापाशी ऐकू येतो. पुढच्या चाकाच्या क्विक रिलीजचा (चाक आवळून धरणाऱ्या खटक्याचा) आवाज बीबीत शोधत बसलेले लोक मी पाहिलेत. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून आधी पान्हा बाजूला ठेवा आणि एक फेरी फक्त ऐकण्यासाठी मारा. सपाट रस्त्यावर वेग घेऊन पॅडल थांबवा. आवाज चालूच राहिला तर चाकं, आरे, मडगार्ड असं काहीतरी. थांबला तर पॅडल, क्रँक, बीबी, चेन किंवा सीट. मग सीटवरून उठा आणि उभ्याने दहा-बारा फेरे मारा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, गाड्या नसताना, एकाच पायावर जोर देऊन पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि यात काहीही उघडावं लागत नाही.

सायकल उलटी केल्यावर आवाज गेला, कारण तेव्हा तुमचं वजन तिच्यावर नव्हतं. सैल किंवा कोरडा सांधा बोलतो तो भार पडला की.

मोकळाआरा
तेलबुधले यांना +१. माझा संशय पॅडलवर. पॅडलचे आटे कोरडे असले तरी नेमका असा आवाज येतो. काढायचं, आटे पुसायचे, ग्रीस लावायचं, परत बसवायचं. पण काढण्याआधी हे नीट वाचा.

डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी डावं पॅडल 'नेहमीच्या' दिशेने फिरवत होतो. हलेना, म्हणून पान्ह्यावर लोखंडी नळी चढवून जोर लावला. सोडवतोय असं समजून मी ते आवळत होतो. शेवटी उलट्या दिशेने सुटलं, पण येताना ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे घेऊनच बाहेर आलं. पॅडलच्या पोलादी दांड्यावर चंदेरी तारेचं वेटोळं अडकलं होतं, स्प्रिंगसारखं. ती तार म्हणजे क्रँकचे आटे. क्रँक बदलावा लागला.

तेव्हापासून मी डावं-उजवं, घड्याळाच्या दिशेने वगैरे काही आठवत बसत नाही. सायकल सरळ उभी. पान्हा पॅडलला लावून त्याचं टोक वर आभाळाकडे. सोडवायचं तर टोक मागच्या चाकाकडे ओढायचं, आवळायचं तर पुढच्या. दोन्ही बाजूंना हेच लागू. आणि चेन आधी पुढच्या मोठ्या चकतीवर चढवून ठेवा, म्हणजे पान्हा सटकला तर बोटं दात्यांवर आपटणार नाहीत.

चढणवेडी
बाप रे, ते तारेचं वेटोळं डोळ्यांसमोर आलं. पण डावीकडे उलटे आटे का?

गणिती
पॅडल डाव्या बाजूला सैल होत जाऊ नये म्हणून. पुष्कळांना वाटतं की बेअरिंगच्या घर्षणामुळे पॅडल सुटतं. पण घर्षणाची ओढ उलट्या बाजूची असते, आणि ती फार थोडी.

खरं कारण असं. पॅडलचा दांडा भोकात कितीही घट्ट बसवला तरी सूक्ष्म फट राहतेच. पायाचा दाब सतत खाली, क्रँक मात्र गोल फिरतोय. म्हणजे क्रँकच्या बाजूने पाहिलं तर दाबाची दिशा फिरत राहते आणि दांडा भोकाच्या भिंतीवर कणाकणाने घरंगळतो, क्रँकच्या उलट दिशेने. तळहाताची सैल मूठ करून त्यात पेन्सिल धरा आणि तिचं वरचं टोक गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलटी वळताना दिसेल. डावीकडे साधे आटे ठेवले तर या घरंगळण्याने पॅडल सुटत जाईल. उलटे ठेवले की तेच घरंगळणं ते घट्ट धरून ठेवतं.

इंग्लिश आट्यांच्या बीबीतही हाच प्रकार, फक्त तिथे उलटे आटे उजवीकडे असतात. बीबी सोडवायला जाणाऱ्याने तेवढं लक्षात ठेवावं.

रात्रपाळी
पेन्सिलचा प्रयोग आत्ताच करून पाहिला. कमाल आहे!

मधेच एक विचारतो. मला एकाच चाकात आठवड्यात तीन पंक्चर झाले. तिन्ही वेळा पॅच नीट बसला होता. ट्यूबच खराब असेल का?

निवांत
तीन भोकं ट्यूबवर कुठे कुठे होती ते सांगा. एकाच जागी असतील तर काटा अजून टायरमध्येच आहे.

मी टायर बसवताना त्याच्यावरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणतो. ट्यूबवर भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून अंतर मोजायचं आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर पाहायचं. ट्यूब कुठल्या तोंडाने बसली होती ते आठवत नसेल तर दोन्ही बाजूंना. काटा तिथेच भेटतो.

बोटाने चाचपताना जपून. तारेचा बारीक तुकडा असेल तर बोटात शिरतो. मी कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवतो. जिथे काही टोचत असेल तिथे कापसाचा एक तंतू अडकून मागे राहतो. डोळ्यांना काही दिसत नसतं, पण तो पांढरा तंतू तिथे उभा असतो. मग चिमट्याने बाहेरून-आतून काढायचं. एकदा तर पापणीच्या केसाएवढी तार निघाली होती.

आणि भोकं रिमच्या बाजूला असतील तर रिम टेप सरकलीय, आऱ्याचं टोक टोचतंय. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, सापाच्या दातांसारख्या, तर हवा कमी ठेवून खड्ड्यात आपटलात.

रात्रपाळी
दोन एकाच जागी! तिसरं दोन बोटं पलीकडे. रात्री कापूस घेऊन बसतो.

चढणवेडी
निवांत, कापसाची युक्ती मलाही नवीन. माझं पॅचचं गणित कधीकधी फसतं, कोपरा उचलतो.

निवांत
सोल्युशन ओलं असताना पॅच लावत असाल. पॉलिश पेपरने जागा खरवडायची, तिथला शिवणीचा उंचवटा असेल तर तोही सपाट करायचा. पॅचपेक्षा मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि मग थांबायचं. पाचेक मिनिटं. चकाकी जाऊन तो निस्तेज दिसला पाहिजे. हा वेळ देणं सगळ्यांना जड जातं. खरवडलेल्या जागेला बोट लावू नका, घामाचा तेलकटपणाही पुरतो.

टायर परत बसवताना ट्यूबमध्ये किंचित हवा असू द्या, नुसती गोल दिसण्यापुरती. टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी चढवा आणि समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत दाबत या. तिथे परिघ कमी असतो, त्यामुळे मोकळीक मिळते आणि शेवटची वीत अंगठ्यांनी चढते. लिव्हरने चढवलं की ट्यूब चिमटते आणि नवं भोक पडतं.

सातवागिअर
बरं, बीबीचं माझं म्हणणं मागे घेतो. पण एक सांगतो, गिअर मात्र घरी करू नका. मी मागच्या डेरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो त्या भागाचे) दोन स्क्रू थोडे फिरवले आणि चेन कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, ओलांडून आऱ्यांत जाऊन बसली.

गणिती
ते दोन स्क्रू गिअर जुळवायचे नसतातच. एच आणि एल लिहिलेले स्क्रू म्हणजे कुंपण: डेरेलरने या टोकापलीकडे आणि त्या टोकापलीकडे जायचं नाही, एवढंच ते सांगतात. एकदा नीट बसले की वर्षानुवर्षं हात लावायची गरज नाही.

गिअर अडखळत असेल तर केबल जिथे डेरेलरमध्ये शिरते तिथली गोल दांडी फिरवायची, बॅरल ॲडजस्टर. मोठ्या चकतीकडे चढायला आळस करतोय? ताण वाढवा, म्हणजे दांडी बाहेरच्या बाजूला. लहानीकडे उतरायला आळस? ताण कमी करा. एका वेळी पाव फेरा, मग पॅडल फिरवून पाहायचं. नवी केबल काही दिवसांत सैलावते, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

आणि सायकल उजव्या बाजूवर पडली असेल तर पाठीमागून एकदा पाहा. डेरेलर ज्या पट्टीवर लटकतो ती हँगरची पट्टी आत वाकली असेल तर कितीही दांडी फिरवा, जुळणार नाही. हँगर सरळ करायला मापाचं हत्यार लागतं. ते काम मी बाहेर देतो.

रात्रपाळी
गणिती, चेन किती किलोमीटरला बदलायची?

गणिती
किलोमीटरवर जाऊ नका, मोजा. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. २४ पिना पुढे गेलं की बरोबर १२ इंच. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा, चेन ताणलेली असू द्या आणि बारा इंचांवर काय आहे ते पाहा. पिनचा मध्य बाराच्या रेघेवर असेल तर चेन ठणठणीत. १/१६ इंच पुढे गेला तर नवी घ्यायची वेळ आली. १/८ इंच पुढे गेला असेल तर तिने कॅसेटचे दातेही खाल्लेले असणार, नवी चेन त्यांच्यावरून घसरेल.

लोक 'चेन ताणली' म्हणतात, पण लोखंड काही लांबत नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं झिजतात. प्रत्येक सांध्यात केसभर, पण सांधे शंभराच्या वर असतात.

तेलबुधले
म्हणूनच माझा आग्रह असतो की तेल आत जाऊ द्या आणि बाहेरून पुसून टाका. प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूने. पॅडल उलटं फिरवून थोडं थांबायचं आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचं, फडक्यावर डाग उमटणं कमी होईपर्यंत. बाहेर राहिलेलं तेल वंगणाचं काम करत नाही, धूळ गोळा करतं. धूळ आणि तेलाचं मिश्रण म्हणजे पॉलिश पेपरच.

आणि चढणवेडी, चेन 'धुतली' म्हणजे कशाने? डब्ल्यूडी-४० नव्हे ना?

चढणवेडी
तेच. तेल म्हणूनही तेच मारलं होतं. :(

तेलबुधले
साफ करायला चालेल. त्या नावाचा अर्थच पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ सालचं आहे. गंजलेला बोल्ट सोडवायला मी स्वतः वापरतो. पण चेनवर वंगण म्हणून ते टिकत नाही, फार पातळ. आज रात्री चेन पुसून, वाळवून चेनचंच तेल घाला. डिस्क ब्रेक असतील तर कुठलाही फवारा चकतीच्या आसपास नको. एकदा ब्रेक पॅडमध्ये तेल मुरलं की पॅड बदलावेच लागतात.

सातवागिअर
ब्रेकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ब्रेकला घरी हात लावूच नये या मताचा मी आहे. गिअर चुकला तर उशीर होतो, ब्रेक चुकला तर हाड मोडतं.

मोकळाआरा
इथे माझा ठाम विरोध. ब्रेक सगळ्यात आधी शिकावा. कारागीर वर्षातून दोनदा सायकल पाहतो, तुम्ही रोज बसता. ब्रेक रबर झिजून रेघा बुजल्या, केबलच्या तारा टोकाशी एकेक करून तुटायला लागल्या, हे तुम्हालाच दिसणार. निघण्याआधी दोन्ही लिव्हर जोरात दाबा. लिव्हर हँडलला टेकली तर निघू नका. रिम ब्रेकची रबरं बदलणं तासाभरात येतं. रबर टायरला घासत नाहीये आणि रिमच्या खाली उतरत नाहीये, एवढं मात्र डोळे लावून पाहायचं.

हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल बदलणं मीही बाहेर देतो. काहींना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं फुगतात, कामातून जातात. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात.

सातवागिअर
लिव्हर रोज दाबून पाहण्याचं पटलं. पण काम केल्यावर ते बरोबर झालं की नाही, हे जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय मी उतारावर जाणार नाही.

मोकळाआरा
पहिल्या एक-दोन वेळा जरूर दाखवा. त्यात वाद नाही.

निवांत
थोडं अवांतर. स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करणं म्हटलं की मला १९१३ सालच्या टूर द फ्रान्समधला युजीन क्रिस्तोफ आठवतो. पिरेनीज पर्वतातला तुर्मालेचा घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. नियम असा की स्पर्धकाने दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर टाकून हा गडी दहाच्या वर किलोमीटर चालला आणि सेंट मरी द कांपां या गावी लोहाराच्या भट्टीवर पोचला. तिथे स्पर्धेचे अधिकारी शेजारी उभे, आणि हा स्वतःच्या हाताने लोखंड तापवून, ठोकून फोर्क जोडतोय. काही तास गेले. एक हात लोखंडाला, एक हात हातोड्याला, म्हणून भाता एका लहान मुलाने हलवला. तेवढ्यासाठी त्याला वेळेचा दंड झाला!

जिंकण्याची संधी गेली, पण त्याने ती टूर पूर्ण केली. त्या गावात आज त्याची आठवण जपलेली आहे. हे वाचल्यापासून माझं पंक्चर भर उन्हात झालं तरी मी कुरकुर करत नाही.

चढणवेडी
भाता हलवल्याचा दंड! ऐकूनच जीव तुटला.

रात्रपाळी
कापसाचा तंतू अडकला!! काचेचा कण होता, टायरच्या आत रुतलेला, बाहेरून चीरसुद्धा दिसत नव्हती. निवांत, तुमचे उपकार आहेत.

चढणवेडी
मंडळी, अहवाल देते.

तेलबुधले यांनी सांगितल्याप्रमाणे काल ऐकायची फेरी मारली. पॅडल थांबवलं, आवाज थांबला. मग चढावर सीटवरून उठले आणि उभ्याने मारलं. आवाज नाही! परत बसले, टक्. उठले, शांत. असं सहा वेळा केलं. म्हणजे क्रँक नाही, बीबी नाही, पॅडलही नाही. मी दहा दिवस चुकीच्या ठिकाणी पान्हा लावत होते.

घरी येऊन सीटपोस्टवर (सीट ज्या दांड्यावर असते त्यावर) उंचीसाठी चिकटपट्टीची खूण केली आणि तो बाहेर ओढला. पूर्ण कोरडा, वर करडी भुकटी. पुसला, फ्रेमची नळी आतून पुसली, ग्रीसचा पातळ हात दिला. (फ्रेम आणि पोस्ट दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत.) बसवून निघाले. पहिल्याच चढाला टक्. रडूच आलं.

मग सीटखाली बॅटरी लावून पाहिलं. सीटच्या दोन दांड्या ज्या पकडीत धरलेल्या असतात तिथे, उजव्या दांडीवर घासल्याची चकचकीत खूण होती, नखाएवढी. पकड उघडली तर आत बारीक वाळू. सगळं पुसलं, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावलं आणि आवळलं. आज सकाळी २२ किलोमीटर, दोन चढ, एकही टक् नाही. फक्त टायरचा आवाज आणि वारा.

उजवा पाय खाली जाताना माझं वजन सीटच्या उजव्या बाजूला कलतं आणि ती दांडी पकडीत हलते. म्हणून फेऱ्याला एकदा.

तेलबुधले
वा! उठून-बसून सहा वेळा पाहिलंत हे फार आवडलं. पकडीचा बोल्ट किती आवळलात? त्यावर किंवा शेजारी न्यूटन मीटरचा आकडा छापलेला असतो.

चढणवेडी
आकडा आहे. टॉर्क पान्हा (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नाही, म्हणून ॲलन कीच्या आखूड बाजूने हाताने आवळलाय. मैत्रिणीकडे टॉर्क पान्हा आहे, रविवारी तपासून घेईन.

तेलबुधले
उत्तम. तोवर रोज निघताना सीट हाताने हलवून बघा. कार्बनचा पोस्ट असता तर मात्र ग्रीसही चाललं नसतं, त्याला वेगळी खरखरीत पेस्ट लागते. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

सातवागिअर
मी माझा बीबी बदलला होता ना, त्यानंतरही आवाज महिनाभर होता. आता उद्या उभ्याने चालवून बघतो.

चढणवेडी
सातवागिअर, काय झालं ते इथेच कळवा.

मोकळाआरा, पॅडलांना दीड वर्षात ग्रीस लागलेलं नाही, म्हणून उद्या तीही काढणार आहे. डावीकडून सुरुवात. चेन मोठ्या चकतीवर, पान्ह्याचं टोक वर, ओढ मागच्या चाकाकडे. बरोबर ना?

मोकळाआरा
बरोबर. आणि परत बसवताना पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, तिथेच थांबा.